आधी गरिबी सिद्ध करा, मग श्रीमंत जामीनदार आणा

‘आदिवासी मुलं परदेशी शिक्षणासाठी अर्जच करत नाहीत हो!’ हे वाक्य मी इतक्या खुर्च्यांमधून ऐकलं आहे की आता ते सुरू झालं की शेवट मीच पुरा करतो : ‘न्यूनगंड असतो ना त्यांच्यात.’ न्यूनगंड! शब्द मोठा ऐटदार आहे. बोलणाऱ्याला मानसशास्त्र कोळून प्यायल्यासारखं वाटतं आणि फाइल मिटायची सोय होते. मी धानोऱ्याचा, नंदुरबार जिल्ह्यातला. आधी स्वतःचे अर्ज भरले, आता दर वर्षी सप्टेंबर ते जानेवारी आजूबाजूच्या पोरापोरींचे भरायला बसतो. म्हणून तोंडावर सांगतो, हे वाक्य खोटं आहे. अर्ज न करणं आणि अर्ज करू न देणं यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याला बसस्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीतसुद्धा बसवू नये.

आधी हिशेब करू. चौथीचं गणित आहे, घाबरू नका. केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत दर वर्षी 20 जागा असतात. त्यातल्या 3 विशेष असुरक्षित जमातींसाठी, 17 बाकीच्या सगळ्यांसाठी. 2011 च्या जनगणनेत देशात आदिवासी किती? साडेदहा कोटींच्या जवळ. म्हणजे 52 लाख माणसांमागे एक जागा. नंदुरबार जिल्ह्यातले आदिवासी साडेअकरा लाखांच्या आसपास, म्हणजे लोकसंख्येच्या हिशेबाने आमच्या अख्ख्या जिल्ह्याच्या वाट्याला साडेचार वर्षांतून एक जागा येते. अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, शहादा, नवापूर, नंदुरबार अशा सहा तालुक्यांनी ती आळीपाळीने घ्यायची ठरवली तर एकदा नंबर लागलेल्या तालुक्याने पुढची सत्तावीस वर्षं गप्प बसायचं. आणि एवढ्या चिमूटभर जागा मांडून वर म्हणायचं, प्रतिसाद नाही! पंगतीत शंभर माणसं बसवायची, एक पुरी वाढायची आणि लोकांना भूकच नाही म्हणून आचाऱ्याने नाक उडवायचं, हा त्यातला प्रकार.

आता कागद. ही खरी रणभूमी आहे.

उत्पन्नाचा दाखला काढायचा तर तलाठ्याचा अहवाल, सेतू केंद्र, तहसीलदाराची सही. रहिवास दाखला. जातीचा दाखला. राज्यातल्या सवलतींना त्यावर जातवैधता. वैधतेसाठी पुरावा कुठला? 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचा असेल तर सगळ्यात भारी. शाळा सोडल्याचा आजोबांचा दाखला, पणजोबांची कोतवाल बुकातली नोंद. अहो, आजोबा शाळेत गेलेच नव्हते, कारण शाळाच नव्हती. ज्या सरकारी व्यवस्थेने सातपुड्याच्या पाड्यांवर तेव्हा शाळा पोहोचवली नाही, तीच आज नातवाकडे त्या शाळेचा दाखला मागते. कागद नसला की दक्षता पथक येतं आणि प्रश्न विचारतं : कुलदैवत कोणतं, याहामोगीला काय वाहता, लग्नात काय रीत, मेलेल्याचं काय करता. याला ॲफिनिटी टेस्ट म्हणतात. ही चाचणी म्हणजे जमात ठरवण्याची निर्णायक कसोटी नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली स्पष्ट सांगितलं आहे. सांगेना का! भौतिकशास्त्रात पहिला वर्ग मिळवलेल्या मुलीला आमच्याकडे अजूनही देवाला कोंबडा देता की बोकड, हे सांगायची तयारी ठेवावी लागते.

एवढं करून गरिबी सिद्ध झाली, आदिवासीपण सिद्ध झालं. मग काय झालं ते माझ्याच अनुभवातून सांगतो. कार्यालयाचं नाव घेत नाही. करारपत्रासाठी मला दोन जामीनदार आणायला सांगितले. जामीनदार ऐपतदार हवेत, त्यांच्या ऐपतीचा कागद हवा. मी टेबलापलीकडच्या माणसाला विचारलं, ‘साहेब, माझ्या घरचं उत्पन्न मर्यादेपेक्षा खाली आहे याचा दाखला तुमच्याच समोर पडलाय. माझ्या ओळखीत लाखो रुपयांची हमी घेणारी दोन माणसं कुठून येणार?’ तो म्हणाला, ‘नियम आहे.’ बस्स. एकाच फाइलीत पान तीनवर मी दरिद्री असायला हवा आणि पान अकरावर धनाढ्यांचा जिवलग. हा नियम लिहिणाऱ्याने आयुष्यात गरीब माणूस कधी जवळून पाहिलेला नाही, हे त्या दोन पानांवरून कोणीही सांगेल. पाड्यावर ज्याच्याकडे एवढी ऐपत असते तो सावकार असतो किंवा मुकादम. त्यांच्या सहीची किंमत काय असते ते आम्ही तीन पिढ्या फेडतो आहोत.

नावाचं प्रकरण वेगळंच. वळवी हे आडनाव दहावीच्या गुणपत्रिकेवर इंग्रजीत व्हीने सुरू होतं, आधार कार्डावर डब्ल्यूने, आणि पदवीच्या कागदावर कारकुनाच्या मर्जीप्रमाणे मध्ये एक जादा ए. मग प्रतिज्ञापत्र, राजपत्र, पुन्हा पासपोर्ट कार्यालय. प्रत्येक फेरीत एक दिवसाची मजुरी बुडते आणि कारकुनाचं एक अक्षरही बुडत नाही.

आता समुद्रापलीकडच्यांकडे वळू, कारण ते काही धुतल्या तांदळाचे नाहीत. अमेरिकी विद्यापीठांच्या माहितीपत्रकावर जगातल्या झाडून सगळ्या वर्णांचे चेहरे हसत असतात. समावेशकता, विविधता, न्याय असे भारदस्त शब्द पानोपानी. मग अर्जाच्या शुल्काचा रकाना येतो : एका विद्यापीठाला 75 ते 125 डॉलर. पाच ठिकाणी अर्ज केला की घरातली एक बैलजोडी गेली. शुल्कमाफी आहे का? आहे. कोणाला? पुष्कळ ठिकाणी फक्त अमेरिकी नागरिकांना आणि तिथल्या कायम रहिवाशांना. जगातला सगळ्यात गरीब अर्जदार ज्या गटात असण्याची शक्यता सगळ्यात जास्त, नेमका तोच गट वगळायचा आणि त्याच गटातल्या एखाद्याचा फोटो पहिल्या पानावर छापायचा. या ढोंगाला माझ्याकडे दुसरा शब्द नाही.

आणि इंग्रजीची परीक्षा! आयईएल्ट्स घ्या, टोफेल घ्या, सोळा-सतरा हजारांच्या खाली सुटत नाही. जीआरई लागली तर आणखी वीस हजारांवर. केंद्र गावात नाही, तालुक्यात नाही. सुरत गाठा, नाशिक गाठा, रात्री मुक्काम करा. मी ज्या मुलीचा अर्ज भरत होतो ती घरी मावची बोलते, शाळेत मराठी शिकली, बाजारात अहिराणी, सीमेपलीकडच्या मामाकडे गुजराती, आश्रमशाळेच्या टीव्हीवर हिंदी. इंग्रजी तिची सहावी भाषा, आणि त्या सहाव्या भाषेतून ती वनस्पतिशास्त्राचे प्रबंध वाचते. तिची भाषिक क्षमता मोजणार कोण? कदाचित एका भाषेवर जन्म काढलेला परीक्षक. बरं, मोजलेले गुण टिकतात किती? दोन वर्षं. त्यानंतर ते नासतात. माणसाचं इंग्रजी दुधासारखं नासतं, हा शोध कोणत्या भाषाशास्त्रज्ञाने लावला ते मला अजून सापडलेलं नाही. परीक्षेचं शुल्क पुन्हा कोणाला मिळतं, ते मात्र लगेच सापडतं.

शिफारसपत्रांचं सांगतो, कारण इथे आपलेच लोक उघडे पडतात. तीन प्राध्यापकांची पत्रं लागतात. परदेशी विद्यापीठाला हवं असतं संस्थेच्या ईमेलवरून, प्राध्यापकाने स्वतः लिहिलेलं, विद्यार्थ्याने न पाहिलेलं गोपनीय पत्र. आमच्याकडे प्राध्यापक म्हणतात, ‘तूच लिहून आण, मी सही मारतो.’ ज्याने तीन वर्षं शिकवलं त्याला त्या मुलाविषयी अर्धं पान लिहिता येत नाही! मग मुलगा स्वतःच स्वतःची स्तुती लिहितो, चुकतमाकत, इंटरनेटवरचा नमुना समोर ठेवून, आणि पलीकडचा वाचणारा म्हणतो, पत्र साचेबद्ध आहे. साचा कोणी दिला? शहरात हेच काम लाखभर रुपये घेऊन सल्लागार करतात, निबंधाला पैलू पाडून देतात, आणि त्याला ‘प्रोफाइल बिल्डिंग’ म्हणतात. पैसे देऊन दुसऱ्याकडून लिहून घेतलं तर प्रोफाइल, आणि धानोऱ्याच्या पोराने स्वतः लिहिलं तर इंग्रजी कच्चं.

या सगळ्यावर ‘बाबासाहेब गेलेच ना परदेशी!’ असं म्हणणारे भेटतात तेव्हा माझं डोकं फिरतं. हो, गेले. 1913 मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, परतल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी या अटीवर. कोलंबिया विद्यापीठात 9 मे 1916 रोजी त्यांनी भारतातल्या जातिसंस्थेवर निबंध वाचला. आता दुसरा कागद शेजारी ठेवा. फेब्रुवारी 2022 मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर यांच्यासाठीच्या परदेश शिष्यवृत्तीचे नवे नियम काढले. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास हे विषय बाद! जातीवर संशोधन करायला निघालेला विद्यार्थी जातीच्या शिष्यवृत्तीवर जाऊ शकत नाही. 1916 चा तो निबंध घेऊन बाबासाहेब आज या समितीपुढे उभे राहिले असते तर कलम दाखवून त्यांना परत पाठवलं असतं. ज्यांनी हे कलम लिहिलं तेच 14 एप्रिलला हार घेऊन रांगेत पहिले असतात. त्यांना लाज वाटत नाही याचं मला आता नवल वाटत नाही, संताप मात्र तेवढाच येतो.

आणि समजा सगळे अडथळे पार केले. 2025 च्या जुलैत त्याच योजनेत 106 विद्यार्थी निवडले गेले. पत्रं निघाली 40 जणांना. उरलेल्या 66 जणांना काय सांगितलं? निधी उपलब्ध झाल्यास. विद्यापीठाने प्रवेश दिलेला, सत्र सप्टेंबरात सुरू होणार, व्हिसाची तारीख डोक्यावर, आणि सरकार म्हणतं, निधी उपलब्ध झाल्यास! मुलाने एक कागद एक दिवस उशिरा दिला तर त्याचा अर्ज बाद होतो. सरकारने वर्षभर आधी मोजून ठेवायचे पैसे मोजले नाहीत तर बाद कोण होतं? पुन्हा तोच मुलगा.

गेल्या डिसेंबरची गोष्ट. त्याच मावची बोलणाऱ्या मुलीचा अर्ज होता. मुदत 15 डिसेंबर, अमेरिकेच्या पूर्वेकडच्या वेळेने रात्री 11.59, म्हणजे आपल्या 16 तारखेला सकाळचे साडेदहा. अर्ज तयार होता. अडलं होतं ते शिष्यवृत्तीच्या हमीपत्रावरच्या वडिलांच्या सहीसाठी. आणि वडील कुठे? दिवाळीनंतर आमचे पाडे निम्मे रिकामे होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली, मुक्काम बारडोलीकडच्या उसाच्या फडात. परदेशातल्या पुष्कळ विद्यापीठांच्या मुदती आणि ऊसतोडीचा हंगाम एकाच महिन्यांत येतात, हे कुठल्याही समितीला कधी दिसलेलं नाही. मुलगी कागद घेऊन नंदुरबारहून सुरतेच्या गाडीत बसली, पुढे बस, पुढे ट्रॅक्टर. रात्री फडावर पोहोचली. वडिलांना सही येते, तिनेच सातवीत असताना शिकवली होती. पालाबाहेर मोबाइलच्या उजेडात त्यांनी सही केली. पाचटाने कापलेल्या बोटांचं रक्त कागदाच्या कोपऱ्याला लागलं.

तिने परतीच्या वाटेवरून मला फोन केला. विचारत होती, डाग पडलेला कागद चालेल का, की पुन्हा जाऊ?