झेंडा, आग आणि बोलण्याचा हक्क



दुधाचा भाव पडला की आपण दूध रस्त्यावर ओततो. तोंडातून शब्द न काढता सरकारला सांगायचे ते सांगतो. म्हणजे कृती हेही एक बोलणेच झाले. मग कोणी देशाचा झेंडा जाळला, तर तेही बोलणेच मानायचे काय?

अमेरिकेत हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८४ साली टेक्सास राज्यात डॅलस शहरी रिपब्लिकन पक्षाचे अधिवेशन भरले होते. अध्यक्ष रेगन यांच्या धोरणाविरुद्ध मोर्चा निघाला आणि ग्रेगरी ली जॉन्सन याने राष्ट्रध्वज जाळला. त्याला एक वर्षाची कैद व २००० डॉलर दंड झाला. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले, की हा निषेध आहे, गुन्हा नव्हे.

न्यायमूर्ती ब्रेनन यांचा मुद्दा समजून घेण्याजोगा आहे. झेंडा जीर्ण झाला तर तो सन्मानाने जाळावा, असे त्यांचाच कायदा सांगतो. कापड तेच, आग तीच. मग शिक्षा होते ती जाळणाऱ्याच्या मताला, आणि मत आवडले नाही म्हणून सरकारने शिक्षा करू नये. उलट बाजूने मुख्य न्यायमूर्ती रेन्क्विस्ट म्हणाले, की या झेंड्याखाली सैनिक लढले, मेले. राग सांगायला दुसरे पुष्कळ मार्ग आहेत. पुढे घटनादुरुस्तीचे प्रयत्न झाले. २००६ साली सिनेटमध्ये ती एका मताने हुकली.

आपल्याकडे १९७१ च्या कायद्याने चारचौघांत तिरंगा जाळणे हा गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तो पाळलाच पाहिजे. परंतु त्याच कायद्यात एक खुलासा आहे, तो फार थोड्यांना ठाऊक असतो. सनदशीर मार्गाने बदल घडवण्यासाठी सरकारच्या धोरणावर, राज्यघटनेवर, अगदी ध्वजावरही टीका केली, तर तो गुन्हा होत नाही. उद्या कांद्याच्या भावासाठी मोर्चा काढलात आणि कोणी त्याला देशाचा अपमान म्हणाले, तर हा खुलासा त्याला दाखवा.

आमचे मत विचाराल तर झेंडा जाळू नये. ज्याला आपले म्हणणे पटवायचे आहे, तोच त्याने गमावला जातो. मात्र रागावलेल्या माणसाला तुरुंगात घालून झेंड्याची शान वाढते, असेही आम्हांला वाटत नाही. डॅलसला मोर्चा पांगल्यावर एका माणसाने जळके तुकडे गोळा केले आणि घरच्या परसात नीट पुरले. ब्रेनन यांनी निकालात त्याची आवर्जून दखल घेतली.

आपल्याकडेही पंधरा ऑगस्टनंतर कागदी झेंडे वाटेवर, बांधावर पडलेले दिसतात. मुलांना ते उचलायला सांगा. फाटलेला ध्वज खाजगीत, मान राखून, शक्यतो जाळून नष्ट करावा, असे आपली ध्वजसंहिताही सांगते.