फ्लेक्सच्या दुकानाला गेमिंग पीसी कशाला?

फ्लेक्स-पत्रिकांचं दुकान टाकताय आणि विक्रेता लाखाचा गेमिंग पीसी दाखवतोय? थांबा. कोरलड्रॉ, फोटोशॉपला रंगीत लाइटवाली कॅबिनेट लागत नाही. लागते 16 जीबी रॅम आणि एसएसडी. (थ्रीडी, व्हिडिओ करणार असाल तर गोष्ट वेगळी, तिथे ग्राफिक्स कार्ड हवंच.)

माझं स्पष्ट मत: ऑफिसातून निघालेला रिफर्बिश्ड डेस्कटॉप घ्या, पण इंटेलच्या आठव्या पिढीआधीचा नको. त्यावर विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला.

वाचलेले पैसे चांगल्या आयपीएस मॉनिटरवर घाला. मी उलटं केलं होतं, भारी कार्ड आणि स्वस्तातली स्क्रीन. गिऱ्हाइकाचा भगवा छापून आला विटकरी. अख्खा फ्लेक्स पदरचे पैसे घालून पुन्हा छापून दिला.