ब्रिस्टलचा पुतळा आणि किन्हवलीची उचल

७ जून २०२० रोजी ब्रिस्टलच्या नागरिकांनी एडवर्ड कोल्स्टन याचा पुतळा उखडून बंदरात लोटला. हा व्यापारी १७१० साली पार्लमेंटात निवडून गेला. शाळांना देणग्या देऊन दानशूर म्हणविला गेला. आफ्रिकेतील माणसे विकणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीचा तो एक कारभारी होता, हे मात्र १८९५ साली पुतळा उभारणाऱ्यांनी दृष्टीआड केले.

इंग्रजांच्या या पापाचा निषेध आपण मुक्तकंठाने करतो. परंतु किन्हवलीच्या आसपासच्या कातकरी पाड्यांचे काय? पावसाळ्यात घरात दाणा नसताना उचल घ्यावयाची आणि ती फेडण्यासाठी पुढे सहकुटुंब वीटभट्टीवर राबावयाचे, हा शहापूर-मुरबाडकडील कित्येक कुटुंबांचा क्रम आहे. उचल फिटेपर्यंत भट्टी सोडण्याची मुभा नसेल, तर १९७६ च्या कायद्याने ती वेठबिगारीच होय. असे कर्ज तो कायदा रद्द ठरवितो. जिल्ह्यात व उपविभागात दक्षता समित्या नेमण्यासही सांगतो.

या समित्यांनी कचेरीत न बसता भट्टीवर जावे आणि उचलीचा हिशेब मजुरांसमक्ष वाचावा, अशी आमची मागणी आहे. आमची घरे त्याच विटांची आहेत. म्हणून ही मागणी करणे आम्हा शहरवासीयांचे कर्तव्य ठरते.