दहा हजार नंबरचा दरवाजा

अंतर्गत गुण धाडण्याची शेवटची संध्याकाळ. सत्तर पोरांची यादी कॉलेजच्या सर्व्हरमध्ये अडकलेली, आणि त्याचा कारभार पाहण्याचे 'वेबमिन'चे पान काही केल्या उघडेना! मराठीच्या मास्तराकडे हे खाते का, ते विचारू नका.

"सर, मशीन मेली जी!" हेडक्लार्क म्हणाले.

मेली कशी? 'पिंग'ला तर ओ देत होती. खुद्द सर्व्हरच्या काळ्या पडद्यावर विचारले, तर वेबमिन सुखरूप, नेहमीच्या १०००० क्रमांकाच्या पोर्टवर कान देऊन बसलेले. दुल्हा दरवाज्याची कवाडे लागली तर बाहेरच्याला आमचे अचलपूर ओसच वाटायचे, तशातली गत! आदल्या दिवशी फायरवॉल नव्याने मांडताना कोणी तो क्रमांकच गाळला होता. मी तो उघडला. साऱ्या जगाला नव्हे हं, कार्यालयातल्या संगणकांपुरता.

तरी पान येईना. उलट सूचना आली, की पत्ता 'एचटीटीपीएस'ने सुरू करा. ऱ्हस्वदीर्घावरून पोरांचे गुण कापणारा मी, एका 'एस'वर अडलो होतो!

साडेनऊला गुण गेले. घरी जायला निघालो, तर चौकीदाराने फाटकाला कुलूप घातलेले.