वेळेवर नाही म्हणणारं यंत्र

मंगळवारी रात्री आमच्या लालबागच्या चाळीतला, वरच्या मजल्यावरचा मुलगा लॅपटॉप छातीशी धरून दारात उभा राहिला. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. "काका, परत हँग झाला. चौथ्यांदा." माऊसचा बाण अर्ध्यात थिजलेला, घड्याळ पावणेनऊवर अडकलेलं, पंखा मात्र घोंघावतोय. कॉलेजात त्याला सांगितलं होतं, फॉरमॅट मार. दुकानात सांगितलं, नवीन घे. वडिलांनी हप्त्यांची चौकशीही सुरू केली होती. मशीन थिजतं तेव्हा तू नेमकं काय करत असतोस, एवढं मात्र दोन्हीकडे कुणी विचारलं नाही. याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून आजचा लेख.

तो एलएलव्हीएम, म्हणजे कंपायलर बांधायचा तयार संच, कंपाइल करत होता. स्वतःची छोटी प्रोग्रामिंग भाषा बनवायची, हा त्याचा प्रोजेक्ट. आठ जीबी रॅम, आठ थ्रेडचा प्रोसेसर. 'निन्जा' हे बिल्डचं साधन मोकळं सोडलं की प्रोसेसरचे थ्रेड मोजतं, त्यात दोन मिळवतं आणि तेवढी कामं एकदम काढतं. म्हणजे दहा. रॅम किती आहे हे ते पाहतच नाही. फाइली कंपाइल होईपर्यंत कसंबसं निभावतं. मग लिंकिंग, म्हणजे तयार तुकडे जोडून प्रोग्राम करणं, येतं, आणि डीबगची माहिती ठेवून बांधलेल्या एलएलव्हीएममध्ये एकेका लिंकरला काही जीबी लागतात. असे चार-पाच एकदम बसले की आठ जीबी पुरणार कसे?

मग मशीन 'जागा नाही' म्हणून थांबत का नाही? कारण त्याच्या लॅपटॉपवरचा लिनक्स मागणाऱ्याला सहसा हो म्हणून टाकतो. जागा आधी कागदावर मिळते. खरी जागा तिला हात लागेल तेव्हा. सगळे एकदम हात लावायला आले की कर्नल कुणाची तरी पानं, म्हणजे मेमरीचे तुकडे, बाहेर काढतो. काही डिस्कवरच्या स्वॅपमध्ये जातात, आणि चालू प्रोग्रामांच्या कोडची पानं तो सरळ सोडून देतो, कारण ती डिस्कवरून पुन्हा वाचता येतात. पुढच्या क्षणी तीच पानं हवी असतात. संध्याकाळी दादरला एकाला उतरता यावं म्हणून दारातले चौघे खाली उतरतात आणि पुन्हा चढतात, तसंच हे. फक्त इथे उतरणं-चढणं संपतच नाही आणि गाडी दादरलाच उभी राहते. मेमरी संपल्यावर एखादा प्रोग्राम मारणारा 'ओओएम किलर' लिनक्समध्ये आहे, पण बाहेर काढायला काहीतरी सापडतंय तोवर कर्नलला वाटतं की काम सरकतंय. तो येईपर्यंत मुलाने पॉवरचं बटण दाबून धरलेलं असतं.

या रोगाला 'थ्रॅशिंग' म्हणतात. पीटर डेनिंग यांनी 1968 साली त्याची कारणं आणि उपाय मांडले. आमच्या या मुलाने परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिलं होतं. तेच आपल्या मांडीवर घडतंय, हे त्याला कुणी दाखवलं नव्हतं.

मला राहून राहून आठवत होतं ते कुलाबा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या चमूने बांधलेला संगणक 1960 मध्ये कामाला लागला आणि 1962 मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं नाव 'टिफ्रॅक' ठेवलं. सुमारे 2,700 व्हॅक्यूम ट्यूब, आणि फेराइटच्या कड्यांची स्मृती: 40 बिटांचे 2,048 शब्द. आजच्या मापात बरोबर 10 केबी. या मुलाच्या लॅपटॉपची रॅम त्याच्या आठ लाखांहून अधिक पट आहे. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह यूटीएफ-8 मध्ये तीन बाइट घेतं. तुम्ही वाचताय तो हा एक लेखसुद्धा टिफ्रॅकमध्ये पुरता मावला नसता.

तरी त्या यंत्रावर हा प्रसंग येत नव्हता. प्रोग्राम यंत्राच्याच भाषेत लिहायचा, कागदी पट्टीवर छिद्रं पाडून आत द्यायचा. 2,049व्या शब्दाला पत्ताच नव्हता. 'नाही' हे उत्तर टेबलावर, पेन्सिल हातात असतानाच मिळायचं, आणि मग माणूस बसून काम लहान करायचा. 1964 मध्ये तिथे सीडीसी 3600 आला, फोर्ट्रान आली, शब्द मोजण्याचे ते कष्ट कमी झाले. झालं ते चांगलंच झालं. ते दिवस परत यावेत असं मला मुळीच वाटत नाही. पण कष्टाबरोबर हिशेबही सुटला, आणि त्या हिशेबाची जागा यंत्राने घ्यायला हवी होती. ती त्याने फार उशिरा घेतली. फेडोरा या लिनक्सच्या प्रकाराने 2020 मध्ये, मेमरी पुरती संपण्याआधीच एखादा प्रोग्राम मारणारं 'अर्लीओओएम' वर्कस्टेशन आवृत्तीत सुरुवातीपासून चालू ठेवलं, पुढच्या वर्षी त्याच कामाचं 'सिस्टमडी-ओओएमडी' आणलं. उबुंटूने 22.04 मध्ये तेच केलं, तर चालू ब्राउझर मारला जातो म्हणून लोक रागावले. त्यांचा राग खरा आहे. तरी एक प्रोग्राम मेलेला मला चालेल, सगळं यंत्र थिजलेलं नाही.

बुधवारी रॅम वाढवता येते का पाहायला त्याला घेऊन लॅमिंग्टन रोडला गेलो. दुकानदाराने मागचं झाकण काढलं आणि मान हलवली. स्लॉटच नाही, रॅम बोर्डावर सोल्डर केलेली. याबद्दल मी इथे किती वेळा लिहिलंय ते नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे, आणि पुन्हा लिहिणार आहे. दहा वर्षं चालू शकेल अशी वस्तू चौथ्या वर्षी अपुरी ठरावी, आणि तीही एका स्टिकची सोय नाही म्हणून, हे मला अन्याय्यच वाटतं. त्यात 2025च्या अखेरीपासून रॅमचे भाव कडाडलेत. हप्त्यावर लॅपटॉप घेणाऱ्या घराला 'नवीन घे' सांगणं फार सोपं असतं.

रात्री दहाला आम्ही दोघं बसलो. डीबगऐवजी रिलीज बिल्ड. एका वेळी दोनच कामं. एका वेळी किती लिंक चालवायचे, हे ठरवणारी सेटिंग एलएलव्हीएममध्ये आहेच. तिथे एक लिहिलं. अर्लीओओएमही चढवलं. अकराला मी खाली आलो.

सकाळी सव्वासहाला त्याचा मेसेज होता: "काका, झालं. रात्रभर गाणीसुद्धा कुठे अडकली नाहीत."