मर्सिडीस: मुलीचे नाव, मोटारीचे नाव

मर्सिडीस हे स्पेनमधल्या मुलींचे जुने, घरगुती नाव. मोटारीला ते फार नंतर मिळाले. स्पॅनिश उच्चार मेर्सेदेस, लाडाने मेर्चे.

त्याच्या मुळाशी 'मेर्सेस' हा लॅटिन शब्द आहे. अर्थ साधा: मजुरी, मोबदला, किंमत. चर्चच्या लॅटिनमध्ये तो हळूहळू 'कृपा' या अर्थाकडे सरकला. स्पॅनिशमध्ये त्याचा 'मेर्सेद' झाला आणि अनेकवचन 'मेर्सेदेस'.

हे मुलीचे नाव कसे झाले, यासाठी तेराव्या शतकातल्या भूमध्य समुद्राकडे पाहावे लागते. ख्रिस्ती आणि मुस्लिम, दोन्ही बाजू एकमेकांची माणसे धरून नेत. घरच्यांनी खंडणी भरली तर सुटका, नाहीतर गुलामी. पेद्रो नोलास्को यांनी बार्सिलोनात ख्रिस्ती कैदी सोडवण्यासाठी एक धर्मसंघ उभारला. परंपरेनुसार ते वर्ष 1218. या संघाचे साधू ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन या नेहमीच्या तीन व्रतांशिवाय चौथेही घेत: गरज पडली तर कैद्याच्या जागी स्वतः ओलीस राहायचे. संघाची आश्रयदाती म्हणजे 'मेर्सेदची माता', अर्थात येशूची आई मारिया. तिचा सण 24 सप्टेंबरला असतो.

स्पेनमध्ये मारियाची बिरुदे मुलींना देण्याची रीत आहे. पूर्ण नाव 'मारिया दे लास मेर्सेदेस'. रोजच्या वापरात मारिया गळते आणि बिरुद उरते. दोलोरेस (दुःखे), पिलार (खांब), सोलेदाद (एकाकीपणा) ही नावे अशीच आली. एकट्या मुलीला अनेकवचनी नाव का, याचेही उत्तर इथेच सापडते.

मोटारीचा धागा बराच अलीकडचा. एमिल येलिनेक या ऑस्ट्रियन व्यावसायिकाने 1889 मध्ये जन्मलेल्या आपल्या मुलीच्या नावाने डाइम्लर कंपनीच्या गाड्या विकल्या. 1902 मध्ये त्या नावाची व्यापारचिन्ह म्हणून नोंद झाली. ही मुलगी व्हिएन्नातल्या एका नामवंत ज्यू धर्मगुरूची नात होती. नावे धर्माच्या वेशी सहज ओलांडतात, ती अशी.

नावांच्या पुस्तकांत याचा अर्थ नुसता 'कृपा' असा दिलेला असतो. तो चूक नाही, पण अपुरा आहे. ही कृपा पैसे मोजून किंवा स्वतः साखळीत अडकून करावी लागे, आणि नावातला जुना 'किंमत' हा अर्थ तिथे पुरता पुसला गेलेला नव्हता.

आपल्याला मारियाच्या या बिरुदाच्या खुणा शोधायला स्पेन गाठायला नको. पणजीजवळच्या मेरशी गावाचे पोर्तुगीज नाव मेर्सेस, आणि तेही याच मातेच्या नावावरून पडलेले.