न मोजलेले आघात

वीस हंगाम खेळलेल्या ज्युनियर सेआऊच्या नावावर सामन्यांची, सन्मानांची, पराक्रमांची सगळी नोंद आहे. डोक्याला बसलेल्या माराची मात्र एकही नाही.

अमेरिकी फुटबॉल हा हिशेबी माणसांचा खेळ आहे. चेंडू किती यार्ड सरकला, कोणी कोणाला कुठे पाडले, कोणाच्या गुडघ्याला पट्टी आहे आणि कोणाचा खांदा दुखावला आहे, याची बारीकसारीक नोंद तेथे ठेवली जाते. सामन्याआधी प्रत्येक संघाला आपल्या जायबंदी खेळाडूंची यादीही जाहीर करावी लागते. ज्युनियर सेआऊ या खेळात वीस हंगाम लाइनबॅकर म्हणून वावरला. त्या वीस हंगामांत या यादीत त्याच्या नावापुढे कन्कशन, म्हणजे डोके आपटून मेंदूला बसलेला धक्का, एकदाही नोंदला गेला नाही. २ मे २०१२ रोजी, खेळ कायमचा सोडल्यानंतर सव्वादोन वर्षांनी, त्याने कॅलिफोर्नियातील ओशनसाइड येथील घरी स्वतःचे आयुष्य संपवले. वय ४३. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने त्याच्या मेंदूची तपासणी करवून घेतली आणि जानेवारी २०१३ मध्ये निष्कर्ष बाहेर आला. वारंवार आघात सोसलेल्या मेंदूत आढळणारा, सीटीई या नावाने ओळखला जाणारा ऱ्हास त्यात होता. एका कागदावर शून्य आणि दुसऱ्यावर हे. त्याचे गुणगान करण्याआधी या दोन कागदांचा मेळ कसा लागतो, ते पाहणे अगत्याचे आहे.

सेआऊचे घराणे मूळचे अमेरिकन समोआचे. जन्म सॅन दिएगोचा, वाढला तो जवळच्या ओशनसाइडमध्ये. वडील शाळेत साफसफाईचे काम करत आणि रबराच्या कारखान्यातही राबत. आई लष्करी तळावरील भांडारात आणि कपडे धुण्याच्या दुकानात कामाला. घर अपुरे, म्हणून ज्युनियर आणि त्याचे भाऊ मोटारीच्या गॅरेजमध्ये सिमेंटच्या जमिनीवर झोपत. इंग्रजी त्याला सात वर्षांचा झाल्यावर येऊ लागली. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने त्याला खेळाच्या बळावर घेतले खरे. पण परीक्षेत किमान ७०० गुण लागत होते आणि त्याला मिळाले ६९०. दहा गुणांपायी पहिले वर्ष मैदानाबाहेर गेले. कालपर्यंत त्याला डोक्यावर घेणाऱ्यांच्या लेखी तो आता मठ्ठ ठरला. हा अपमान त्याच्या जिव्हारी लागला. पुढे शरीर हेच आपले भांडवल, असे या मुलाने मानले असेल तर त्यात नवल नाही. १९९० मध्ये सॅन दिएगो चार्जर्स या घरच्याच संघाने त्याला पाचव्या क्रमांकाला निवडले आणि ५५ क्रमांकाची जर्सी त्या शहराची खूण बनली.

लाइनबॅकरचे काम काय? बचावाच्या पहिल्या रांगेत धिप्पाड गडी जमिनीला हात टेकून वाकलेले असतात. त्यांच्या मागे चार-पाच पावलांवर हा उभा. समोरचा क्वार्टरबॅक चेंडू धावणाऱ्याच्या हाती सोपवणार की लांब फेकणार, हे त्याने डोळ्याचे पाते लवायच्या आत ताडायचे आणि त्या दिशेने अंग झोकून द्यायचे. कबड्डीत चढाईपटूच्या पायाचा रोख ओळखून त्याच्यावर झेपावणाऱ्या कोपरारक्षकाची आठवण यावी असे हे काम. फरक इतकाच, की येथे दोन्ही बाजूंनी शंभर-सव्वाशे किलोची माणसे धावत येऊन एकमेकांवर आदळतात आणि एका सामन्यात हे कितीतरी वेळा घडते. सेआऊ यात जुगारी होता. प्रशिक्षकांनी नेमून दिलेली जागा सोडून, चेंडू निघण्याचा क्षण हेरून तो फटीतून आत घुसे. अंदाज चुकला तर मागे मोकळे रान. पण तो क्वचितच चुके, म्हणून प्रशिक्षकही मुकाट राहत.

त्याची सगळी कारकीर्द एका सामन्यात पाहायची असेल तर १५ जानेवारी १९९५ चा पिट्सबर्गचा सामना पाहावा. जिंकणारा संघ सुपर बोल या अंतिम सामन्यात जाणार होता आणि यजमान स्टीलर्स जिंकणार हे जणू ठरलेलेच होते. सेआऊच्या मानेतली शीर दबलेली होती. अशा मानेने तो उतरला आणि त्याने १६ टॅकल केले, म्हणजे तितक्या वेळा चेंडूवाल्याला पाडण्यात हात घातला. शेवटच्या मिनिटाला स्टीलर्स विजयापासून तीन यार्डांवर येऊन ठेपले. चौथ्या आणि अखेरच्या प्रयत्नातला पास सेआऊचा सहकारी डेनिस गिब्सन याने हात घालून पाडला आणि चार्जर्स १७-१३ असे जिंकले. सॅन दिएगोने त्या संघाला खांद्यावर घेतले. पंधरवड्याने मायामीतल्या सुपर बोलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोने त्यांना ४९-२६ असे झोडपले, तो भाग वेगळा. लोकांच्या लक्षात राहिली ती दुखऱ्या मानेची झुंज. त्या मानेवरचे डोके त्या दिवशी किती वेळा हादरले, हे कोणी विचारले नाही. विचारण्याची रीतच नव्हती.

अशा झुंजीचे कौतुक झाले आणि कौतुकाने झुंज वाढत गेली. १९९१ पासून ओळीने बारा वेळा तो प्रो बोल या तारांकित सामन्यासाठी निवडला गेला. समाजकार्यासाठी दिला जाणारा, हा खेळ चालवणाऱ्या व्यावसायिक लीगचा सर्वोच्च सन्मान १९९४ साठी त्याला मिळाला. ओशनसाइड-सॅन दिएगोतील गरीब मुलांसाठी त्याने उभारलेली संस्था तोवर कामाला लागली होती. भेटेल त्याला तो ‘बडी’ म्हणे, मग तो संघमालक असो वा गाडी लावणारा पोऱ्या. चार्जर्सनंतर तीन हंगाम मायामीत काढून ऑगस्ट २००६ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली आणि आपण निवृत्त होत नसून पदवी घेऊन बाहेर पडत आहोत, असे हसत सांगितले. चारच दिवसांनी तो न्यू इंग्लंड पेट्रियट्सकडून खेळायला हजर! तेथेही एक हंगाम असा आला की संघ ओळीने अठरा सामने जिंकला आणि फेब्रुवारी २००८ मध्ये सुपर बोलचा तेवढा एकोणिसावा १७-१४ असा हरला. हातातोंडाशी आलेला घास दुसऱ्यांदा गेला. जानेवारी २०१० मध्ये तो थांबला तेव्हा त्याच्या नावावर २६८ सामने होते.

मेंदू कवटीत द्रवावर तरंगत असतो. हेल्मेट कवटी फुटू देत नाही, हे त्याचे काम ते चोख करते. पण धावता देह एकाएकी थांबला की आतला मेंदू थांबत नाही. तो कवटीवर आदळतो, पिळवटतो. अशा प्रत्येक धक्क्याने खेळाडू बेशुद्ध पडतोच असे नाही. बहुतेक वेळा तो उठतो, मान झटकतो आणि पुढच्या खेळीसाठी उभा राहतो. संशोधकांचा रोख आता मोठ्या आघातांइतकाच या किरकोळ वाटणाऱ्या हजारो धक्क्यांकडे आहे. वर्षानुवर्षांच्या अशा माराने टाऊ हे प्रथिन मेंदूच्या घड्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती साचत जाते. विस्मरण, निद्रानाश, संताप, नैराश्य यांच्याशी त्याचे नाते जोडले जाते. खात्रीचे निदान आजही मृत्यूनंतरच होते. सेआऊच्या यादीतील शून्याचा खुलासा येथे मिळतो. यादी कोसळलेल्यांची होती आणि तो कोसळत नव्हता.

हे सारे कोणालाच ठाऊक नव्हते, असे म्हणून सुटता येणार नाही. लीगने १९९४ मध्येच मेंदूच्या आघातांचा अभ्यास करायला समिती नेमली. तिचे अध्यक्षपद दिले ते एका संधिवाततज्ज्ञाला. ही थट्टा नव्हे, वस्तुस्थिती आहे. काळजीचे कारण नाही, अशा अर्थाचे निबंध या समितीने पुढे प्रसिद्ध केले. पिट्सबर्गमध्ये डॉ. बेनेट ओमालू यांनी २००२ मध्ये माइक वेबस्टर या माजी खेळाडूचा मेंदू तपासला आणि २००५ मध्ये त्यातील सीटीईवर निबंध लिहिला, तेव्हा तो मागे घ्यावा अशी मागणी समितीच्या सदस्यांनी केली. आघातांचे परिणाम दीर्घकाळ टिकू शकतात, हे लीगच्या प्रवक्त्याने मान्य केले ते डिसेंबर २००९ मध्ये, आणि फुटबॉलचा सीटीईशी संबंध आहे हे लीगच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे कबूल केले ते मार्च २०१६ मध्ये. सेआऊची कारकीर्द १९९० ते २००९. नकाराची बहुतेक वर्षे त्याने मैदानात काढली.

येथे थोडे तारतम्य हवे. एखादा माणूस स्वतःला का संपवतो याचे उत्तर एका सूक्ष्मदर्शकात सापडत नाही. शेवटच्या वर्षांत सेआऊपुढे जुगार होता, पैशाच्या विवंचना होत्या, तुटलेला संसार होता; २०१० मध्ये घरगुती हिंसाचाराच्या तक्रारीवरून त्याला अटकही झाली होती, खटला मात्र उभा राहिला नाही. झोप उडालेला, क्षणात बिथरणारा, सांगितलेले विसरणारा हा माणूस आपल्या ओळखीचा राहिला नव्हता, असे घरचे सांगत. यातले किती आजारामुळे आणि किती स्वभावामुळे, याची वाटणी कोणी करू शकत नाही. बोस्टन विद्यापीठाच्या २०१७ च्या अभ्यासात लीगमध्ये खेळलेल्या १११ जणांपैकी ११० जणांच्या मेंदूत सीटीई आढळला, हेही जपून वाचायला हवे. कारण हे मेंदू बहुधा शंका आलेल्या कुटुंबांनीच दान केलेले होते. इतके वजा करूनही जे उरते ते दुर्लक्षिण्याजोगे नाही.

आणि तरीही दुर्लक्ष करण्याची सवय सुटत नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये ओहायोतील कँटन येथे सेआऊला हॉल ऑफ फेममध्ये मानाचे स्थान मिळाले. हयात नसलेल्या मानकऱ्यांच्या वतीने भाषण होणार नाही, असा नियम पुढे करून त्याच्या मुलीला ठरल्या रीतीचे भाषण करू दिले गेले नाही. तिने लिहून आणलेले मनोगत लोकांनी नंतर वर्तमानपत्रात वाचले. त्यात लीगवर चिखलफेक नव्हती. बापावरचे प्रेम होते. साडेचार हजारांहून अधिक माजी खेळाडूंनी लीगवर दावे लावले आणि अखेर एक अब्ज डॉलरहून अधिक भरपाईची तडजोड झाली. सेआऊच्या कुटुंबाने तीत सामील न होता वेगळा दावा लावला. तो २०१८ मध्ये मिटला आणि अटी गुलदस्त्यात राहिल्या.

या साऱ्यावर एक ठेवणीतला आक्षेप असतो. ही सज्ञान माणसे आहेत, कोट्यवधी डॉलर घेतात, धोका पत्करून खेळतात. मग रडगाणे कशाला? याला दोन लाइनबॅकरांनी उत्तर दिले. सॅन फ्रान्सिस्कोच्या ख्रिस बोरलँडने पहिल्याच हंगामात नाव काढले. सराव शिबिरात डोके हादरले असतानाही संघातली जागा जाईल म्हणून आपण ते लपवले, हे त्याने स्वतःच सांगितले. मग त्याने निबंध वाचले, तज्ज्ञांना गाठले आणि मार्च २०१५ मध्ये, २४ व्या वर्षी, तो बाहेर पडला. करारावेळी मिळालेल्या बोनसचा तीनचतुर्थांश हिस्साही त्याने परत केला. कॅरोलायनाचा ल्यूक कीकली तर त्या पिढीतला सर्वोत्तम. नोव्हेंबर २०१६ मध्ये डोक्याला मार बसून गाडीवरून बाहेर नेले जाताना तो ओक्साबोक्शी रडताना साऱ्या अमेरिकेने पाहिला. जानेवारी २०२० मध्ये, २८ व्या वर्षी, खेळायची इच्छा शाबूत असताना तो थांबला. हे दोघे सेआऊपेक्षा भित्रे नव्हते. फरक माहितीचा होता. त्यांच्यापुढे कागद होते, सेआऊपुढे टाळ्या.

माहिती आली म्हणून सगळे सुरळीत झाले, असेही नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये मायामीचा क्वार्टरबॅक टुआ टागोवायलोआ मैदानात सर्वांदेखत झोकांडला, तरी त्याच सामन्यात परतला आणि चारच दिवसांनी सिनसिनाटीत त्याला स्ट्रेचरवरून न्यावे लागले. त्यानंतर नियम आणखी कडक झाले. सामना चालू असताना संघाला खेळाडू हवा असतो आणि खेळाडूला आपली जागा; या दोघांच्या मधे तिसरे कोणीतरी ठामपणे उभे असावे लागते.

आपल्याकडेही हा विषय परका नाही. क्रिकेटमध्ये डोक्याला मार बसलेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडू घेण्याची मुभा आयसीसीने २०१९ मध्ये दिली. पण गावोगावच्या कबड्डीच्या मैदानांवर आणि शाळांच्या पटांगणांवर आपटलेल्या मुलाच्या तोंडावर पाणी मारून त्याला पुन्हा उभे करण्याची आणि तो उभा राहिला की ‘शाब्बास पठ्ठ्या’ म्हणण्याची आपली रीत अजून कायम आहे. धोका पत्करण्याचा हक्क खेळाडूला आहेच आणि तो कोणी काढून घेऊ नये. पण ज्याला धोका सांगितलाच गेला नाही त्याने तो पत्करला, असे म्हणणे हा कांगावा आहे. खेळ चालवणाऱ्यांना जे ठाऊक आहे ते खेळणाऱ्याला वेळेत कळवणे हे त्यांचे कर्तव्य. आणि चक्कर येते म्हणून बाकावर बसलेल्या पोराला भित्रा न म्हणणे, हे प्रेक्षकांचे.